हुंकारापुरती जागा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठं तेही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मला बसवलं, समोर स्वतः बसले आणि म्हणाले, "हूं म्हणून दाखव."

"काय?"

"हूं. गोष्ट ऐकतानी माणूस म्हणते नाही का, तसा."

नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या गल्ल्यांमध्ये मी सकाळपासून खोल्या बघत फिरत होते. एका घरी आंघोळीचा नळ अंगणात होता, दुसऱ्या घरी मालकीणबाईंचं देवघर माझ्या खोलीत होतं. पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. कोणी उड्या मारून दाखव म्हटलं असतं तरी मारल्या असत्या. मी आज्ञाधारकपणे म्हटलं, "हूं."

त्यांनी डोळे मिटले. बासमती हुंगावा तसं काही क्षण बसून राहिले. मग म्हणाले, "थोडासा नाकातून येते. पण खोटा नाही आहे. सामान केव्हा आणतं?"

माझ्या आधी बरेच जण नापास झाले होते हे मला मागाहून शेजारच्या काकूंकडून कळलं. इंजिनिअरिंगचा एक मुलगा 'हूं'च्या जागी 'ओके' म्हणाला, तो दारातूनच परत गेला. बँकेतल्या एका गृहस्थांचा हुंकार वाक्य संपायच्या आधीच यायचा. त्यांच्याबद्दल काकांचं मत असं होतं, की जो माणूस दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही तो रात्री नळ काय नीट बंद करेल!

काका म्हणजे माझे घरमालक. ते मला 'पोरी' म्हणत, मी त्यांना काका म्हणे. मी ब्रह्मपुरीहून आलेली, विमा कंपनीच्या धरमपेठेतल्या कचेरीत नवी लागलेली. रोज स्कुटीवरून अख्खं नागपूर आडवं कापायचं आणि संध्याकाळी तोंडावरची ओढणी सोडत फाटकातून आत शिरायचं, की व्हरांड्यात काका खुर्च्या मांडत असायचे. एक त्यांची, एक माझी. भाडेकराराच्या कागदावर हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, पण त्या घराचं खरं भाडं तेच होतं. दिवेलागण झाली की काका गोष्ट सांगणार आणि मी हुंकार द्यायचा.

त्याची एक तयारी असे. दिवसभर त्यांच्या गालात खर्रा असायचा. नागपूरकराला खर्रा म्हणजे काय हे सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून माणसं जे करतात आणि मग जे गालात धरून बसतात, ते. पण दिवा लागला की काका मोरीवर जाऊन खळखळून चुळा भरायचे. "उष्ट्या तोंडानं गोष्ट सांगू नाही," म्हणायचे. मी एकदा म्हटलं, काका, मग दिवसभर गोष्टीच सांगत जा, खर्रा तरी सुटेल. ते म्हणाले, "दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकते."

काकांचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि घरी यायचं. निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नव्हती. लग्नाची पत्रिका आली की लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचे आणि लग्नाला जाताना ती दुरुस्त पत्रिका आहेरासोबत यजमानांच्या हातात द्यायचे. "पुढच्या पोरीच्या वेळेस कामी येईन," असं वर सांगायचे. मोहल्ल्यातल्या दोन घरांनी त्यामुळं त्यांना पत्रिका न देता तोंडी बोलावणं सुरू केलं होतं. काकांना त्याचा आनंदच होता. तोंडी बोलावणं हेच खरं बोलावणं, असं त्यांचं म्हणणं.

असा छापील अक्षरांत बुडालेला माणूस, पण गोष्टी लिहून काढा म्हटलं की अंगावर यायचा.

"काहून लिहू? लिहिलं का मी त्यात चुका काढत बसन."

"पण काका, तुमच्यानंतर—"

"हे पाय पोरी. छापलेल्या गोष्टीत मी जिंदगी काढली. वाचणारा जागा आहे का झोपला, तिले काही घेणंदेणं नसते. पुढचं पान तसंच राह्यते. सांगितलेली गोष्ट तशी नाही ना बाप्पा. समोरच्यानं हूं म्हटल्याबिगर ते पाय उचलत नाही."

हे ते नुसतं म्हणायचे नाहीत, तसंच वागायचे. एक वाक्य सांगायचं आणि थांबायचं. हुंकार आला की पुढचं. नाही आला तर तिथंच. एकदा कचेरीतून दमून आलेली मी खुर्चीत पेंगले. जाग आली तेव्हा डास चावत होते, शेजारच्या घरी जेवणं चालली होती आणि काका त्याच वाक्यावर शांत बसून होते. रागबीग काही नाही. मी दचकून "हूं" म्हटलं आणि गोष्टीतली सून डोक्यावर घागर घेऊन पुढच्या पायरीवर गेली.

ती गोष्ट एका रुसलेल्या विहिरीची होती. काकांकडं गोष्टी पुष्कळ होत्या, पण ही त्यांच्या आईकडून आलेली, म्हणून घरची. एका गावातली विहीर कोणीतरी टाकून बोललं म्हणून रुसते आणि पाणी घेऊन निघून जाते. गावातली सर्वांत नवी सून तिची समजूत काढायला निघते आणि वाटेत जो भेटेल त्याला पाण्याचा पत्ता विचारते. कडुनिंबाला विचारते, मुंग्यांना विचारते, सासरी न नांदलेल्या एका नदीला विचारते. गोष्ट कधी दोन संध्याकाळींत संपायची, कधी आठवडा खायची. मला ती पाठ झाली होती तरी प्रत्येक वेळी त्या नदीपाशी मी खुर्ची पुढं ओढायचे.

आणि माझ्या हुंकारावर त्यांचं बारीक लक्ष असायचं. एकदा एका वेगळ्या गोष्टीत मध्येच थांबून म्हणाले, "इथं हूं खाली सोडायचा वं. त्या पोरीची माय मेली आणि तू भाजी आणायले निघाल्यावानी हूं म्हणून राहिली."

मी पुन्हा दिला, खाली सोडून. तेव्हा कुठं त्या पोरीला मातीला जाता आलं.

माझ्या आधी हे काम काकांच्या बायको, काकू, करायच्या. त्यांना मी फोटोतच पाहिलं. ठसठशीत कुंकू, आणि फोटो काढणाऱ्यावर जरा रागावलेल्या. लग्न झालं तेव्हापासून त्यांनी काकांना हुंकार दिला. मेथी निवडताना दिला, गहू पाखडताना दिला, पोराला थोपटताना दिला. शेवटच्या वर्षांत त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. तरी काकांच्या हनुवटीकडं बघत बरोबर जागेवर हूं म्हणायच्या, एकदाही चुकल्या नाहीत. हे सांगताना काकांना गहिवरून यायचं आणि ते लपवायला ते हटकून पालीची हकीकत सांगायचे. काकू गेल्यावर घरात कोणीच उरलं नाही, तेव्हा काही दिवस त्यांनी भिंतीवरच्या पालीवर भागवलं. पाल चुकचुकली की पुढचं वाक्य. "पण पालीचा भरवसा नाही," ते म्हणायचे. "आपल्या मनानं बोलते. उन्हाळ्यात तर जास्तीच." त्यानंतर त्यांनी फाटकावर 'खोली देणे आहे' ची पाटी लावली.

आता काकाही नाहीत, आणि मी लग्न होऊन सक्करदऱ्याला राहायला आले त्यालाही बराच काळ झाला. पण संध्याकाळी दिवा लावला की कान अजून एका वाक्याची वाट बघतात. घरचे माझ्याशी बोलतात तेव्हा मी फार हूं हूं करते, अशी नवऱ्याची तक्रार आहे. त्याला काय माहीत, यावर मला एकेकाळी राहायला खोली मिळाली होती!

मामाची वाट खरंच चुकते का, हा प्रश्नही त्या घरात निकालात निघाला. उन्हाळ्यातला रविवार होता. भर दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडणं म्हणजे काय ते भोगलेल्यालाच ठाऊक. झोप नाही, वाचवत नाही, भिंतीला हात लावला तर चटका. मी काकांच्या मागं लागले की आता सांगाच गोष्ट.

"मामा वाट चुकन," ते म्हणाले.

"माझा मामा उमरेडला घरी झोपला आहे काका. तो कुठं जाणार चुकून?"

शेवटी उकाड्यानं तेही हरले. खिडक्यांना चटया लावल्या, अंधार केला, सूर्याला फसवल्यासारखं केलं आणि कडुनिंबापर्यंत गोष्ट सांगितली. दिवेलागणीला मामीचा फोन आला, "अवं, पोचले का तुहे मामा? तुले आंबे द्यायचे म्हणून दुपारीच निघाले." मामा फोन उचलेना. नागपूर त्याला तळहातासारखं माहीत, मोटरसायकल याच रस्त्यानं शेकडो वेळा आलेली. शेवटी काका आणि मी शोधायला निघालो आणि तो सापडला मागच्या तिसऱ्या गल्लीत, अनोळखी घरी, सोफ्यावर. त्या घराचं फाटक आमच्यासारखंच हिरवं होतं. त्या घरी त्याच दिवशी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. आंबे घेऊन आलेला पोक्त माणूस बघून त्यांनी त्याला मुलाचा काका समजून हातपाय धुवायला पाणी दिलं होतं, आणि मामाला वाटलं भाची कामात असेल, येईल. पोहे खाऊन झाले होते. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा मामा तिला म्हणाला, "बस बेटा, काय शिकून राहिली?" आणि सगळे खूश झाले होते.

आम्ही हसून हसून बेजार. काका मात्र हसले नाहीत. मामाला घरी आणलं, माठातलं पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाले, "माफी द्या भाऊ. चूक माही आहे." मामाला काही उमजेना. आंबे घेतल्याबद्दल माफी मागतात की काय, असं वाटून तो बिचारा म्हणाला, "अजी घ्या ना, तुमच्यासाठीच आणले."

गोष्टीची कला टिकवायची म्हणून एका वर्षी मोहल्ल्याच्या गणेशोत्सव मंडळानं काकांचा कार्यक्रम ठेवला. टिकवायची हा मंडळाच्या अध्यक्षांचा शब्द. मांडव, स्पीकर, मागं बॅनरवर काकांचा फोटो. काकांनी धुतलेलं धोतर नेसलं, चुळा भरल्या आणि माइकसमोर उभे राहून म्हणाले, "एक गाव होतं." आणि थांबले.

लोक टाळ्या वाजवायला लागले. काका थांबलेलेच. टाळ्या संपल्या. मी पहिल्या रांगेतून दिला, चांगला खणखणीत: "हूं." तशी मंडळाचा बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता वाकून माझ्या कानाशी आला, "मॅडम, प्लीज, शांतता ठेवा." दुसऱ्या वाक्याला मी पुन्हा दिला. तो पुन्हा आला. तिसऱ्या वाक्याला अध्यक्षांनी स्वतः माइकवरून सांगितलं, "पुढं बसलेल्या ताईंना विनंती आहे, कलाकाराले डिस्टर्ब करू नका." काकांनी अध्यक्षांकडं बघितलं, मांडवाकडं बघितलं, नमस्कार केला आणि खाली उतरले. अध्यक्षांना वाटलं वय झालं, विसरले. शाल-श्रीफळ घेताना काका अगदी प्रसन्न होते. घरी येताना मीच चिडलेली होते. ते म्हणाले, "जाऊ दे वं. ऐकतानी चूप राह्यचं, असं शाळेत शिकवते लोकाइले. त्याइचा काय दोष?"

काकांना एक मुलगा. मी त्याला दादा म्हणत असे. धरमपेठेत फ्लॅट, कंपनीत मोठं काम, आणि माणूस मनानं सोन्यासारखा. दर रविवारी यायचा. बापाला नको असलेला गीझर बसवून दिला, नको असलेली तपासणी करवून आणली. फक्त त्याला थांबता येत नसे. चहा उभ्यानं प्यायचा, जेवताना फोनवरचे व्हिडिओ दीडपट वेगानं बघायचा. त्यातली माणसं चिमण्यांसारखी बोलायची. काका त्या फोनकडं दयेनं बघायचे.

लहानपणी दादाला गोष्ट सांगायला बसलं की तो हूं म्हणायचाच नाही. "मंग? मंग काय झालं? सापडली का विहीर?" असं विचारायचा, आणि शेवट कळला की खेळायला पळायचा. "त्याले कधीच हूं म्हणता नाही आलं," काका सांगायचे. त्यात तक्रारीचा सूर नसे, पण रविवारी दादाची गाडी वळणापलीकडं गेली की ते बराच वेळ फाटकाशी उभे राहायचे. एका रविवारी त्यांनी त्याला विचारलंही, "थांबतं का गा आज? विहिरीची सांगतो." दादा म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी नक्की." आणि तो खरंच नक्की या अर्थानंच म्हणाला होता. पण पुढच्या रविवारी गीझर बिघडला.

मग काकांनी तिखट सोडलं. सावजीचा रस्सा घाम पुसत पुसत खाणारा माणूस वरणभातावर आला. मला शंका आली. तोंड उघडा म्हटलं तर उघडेनात. शेवटी मी दादाला फोन केला आणि त्यानं जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं. खर्ऱ्यानं आपलं काम केलं होतं. जिभेचा बराच भाग काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले. काकांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "हूं म्हणता येईन का?"

डॉक्टरांना हसू आलं. "हूं येईल काका. बोलण्याचं मात्र सांगता येत नाही."

"चालन," काका म्हणाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन त्यांनी खिशातली खर्ऱ्याची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला त्या पुडीचा इतका राग आला होता की डब्याला लाथ घालावीशी वाटली.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दादा दुपारीच आला. स्टँड आणला होता, छोटा माइक आणला होता. बाबांच्या आवाजातली विहिरीची गोष्ट रेकॉर्ड करायची. काकांनी दुपारी साफ नाही म्हटलं. दिवे लागल्यावर चुळा भरल्या, फोनसमोर खुर्ची ओढून घेतली. मी माझी खुर्ची लावायला गेले तर दादा म्हणाला, "तू हूं म्हणू नको हं आज, आवाज क्लीन पाहिजे." मी काकांकडं बघितलं. मला वाटलं ते त्याला झापतील. ते म्हणाले, "तुम्ही दोघंही बाहीर बसा. दार लोटून घ्या."

मला फार लागलं ते. एवढी वर्षं मी त्या खुर्चीत बसले आणि नेमकं त्या दिवशी मला बाहेर काढलं. आम्ही दोघं पायरीवर बसलो. आतून काकांचा आवाज यायचा, मग थांबायचा. यायचा, थांबायचा. प्रत्येक थांब्याला माझ्या घशात हुंकार वर यायचा आणि मी तो गिळायचे. दादा अस्वस्थ होऊन मला हळूच काहीतरी विचारत होता, मी त्याला गप्प करत होते.

ऑपरेशन नीट झालं. काका घरी आले, पण बोलणं गेलं. प्रयत्न केला की शब्दांऐवजी भलतंच काही यायचं, लाळ गळायची, म्हणून त्यांनी प्रयत्नच सोडला. हूं तेवढा उरला. भाजीवाल्याला हूं, दूधवाल्याला हूं, आणि प्रत्येकाला वेगळा. संध्याकाळी चुळा भरून ते सवयीनं व्हरांड्यात येऊन बसायचे, समोर मी. मी म्हटलं, काका, मी सांगते विहिरीची, तुम्ही हुंकार द्या. त्यांनी मान हलवली, नको. आणि फाटकाकडं बघत राहिले.

काही महिन्यांनी एका रविवारी दादा चेहऱ्यावर न मावणारा आनंद घेऊन आला. रात्री जागून त्यानं ते रेकॉर्डिंग तयार केलं होतं. संत्रा बर्फीचा डबा उघडला, स्पीकर लावला. "बाबा, सगळा नॉइज काढला. मधल्या सगळ्या रिकाम्या जागा कापल्या. गोष्ट अर्ध्याहून कमी वेळात बसली, बघा. आणि मागं बासरी टाकली."

बासरी वाजली आणि काकांचा आवाज सुरू झाला. "एक गाव होतं त्या गावात एक विहीर होती ते विहीर मोठी मानी होती—" काकांनी पहिल्या वाक्याला दादाकडं बघितलं. तोवर तिसरं वाक्य येऊन गेलं होतं. ते फोनकडं बघत, पुन्हा दादाकडं बघत. त्यांचाच आवाज त्यांच्यासमोरून कोणासाठी न थांबता धावत होता. सून निघालीसुद्धा, कडुनिंब गेला, मुंग्या गेल्या. नदीच्या जवळ आल्यावर काकांनी उठून फोन पालथा घातला, आत गेले आणि दार लावून घेतलं.

दादाच्या हातात बर्फीचा तुकडा तसाच. "काय चुकलं गं माझं?"

"दादा, त्या जागा रिकाम्या नव्हत्या," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तिथं ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं असतं. तेवढं एकच आता त्यांना येतं ना! स्वतःच्या गोष्टीला स्वतः हुंकार देता यावा म्हणून थांबले होते ते."

मला तेव्हा तसंच वाटलं होतं. दादा खुर्चीत बसला. त्या घरात त्याला असा बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"मूळ रेकॉर्डिंग आहे ना?" मी विचारलं.

त्याचं तोंड उतरलं. ते जुन्या फोनमध्ये होतं, आणि तो फोन पडून बंद झाला म्हणून त्यानं नवा घेतला होता. नव्यात होतं ते फक्त कापून मेलवर ठेवलेलं. आतल्या बंद दारामागं खाट करकरली. काका सगळं ऐकत होते. ज्या आवाजात आता एक अक्षरही पुन्हा निघणार नव्हतं, तो सगळा एका मेलेल्या फोनमध्ये अडकला होता.

दुसऱ्या दिवशी दादानं रजा टाकली. सीताबर्डीला फोन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात जाऊन बसला. दुकानदार म्हणाला ठेवून जा, उद्या बघू. हा म्हणाला, बसतो. ज्याला सिग्नल लाल असलेला सहन होत नसे, तो माणूस एका स्टुलावर दिवसभर नुसता बसून राहिला. दुपारी मला फोन आला, "अजून उघडून राहिले." मग बराच वेळ काही नाही. दिवे लागायच्या सुमाराला फाटक वाजलं. काच तडकलेला तो फोन दोन्ही हातांत धरून दादा आत आला. चालू होता.

काकांनी दादाला बसायची खूण केली, माझ्याच खुर्चीवर. मी खालच्या पायरीवर बसले. दादानं बटण दाबलं.

बासरी नव्हती. पंख्याची घरघर, लांब कुठंतरी कुत्रं. मग काकांचा आवाज, पूर्वीचा, गोल, धुतलेल्या तोंडाचा.

"एक गाव होतं."

आणि थांबला. माझ्या ओठांवर हूं आलाच होता, तेवढ्यात काकांनी माझ्याकडं न बघता हाताचा पंजा वर केला. थांब. स्वतःही त्यांनी ओठ मिटून घेतले होते. ते दादाकडं बघत होते.

फोन शांतच होता. त्या शांततेत पंख्याच्या मागून, अगदी हळू, दाराबाहेरून आलेली कुजबुज ऐकू आली. दादाचाच आवाज, "बाबा विसरले का गं?" आणि माझा, "श्श." दादानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पार बदलून गेला.

तरी पुढचं वाक्य येईना. पेंगले ती संध्याकाळ सोडली तर मला काका एवढी लांब जागा कधीच देत नसत, काकूंनाही देत नसतील. हुंकाराला एवढा वेळ लागत नाही. पण ज्याच्यासाठी ही जागा सोडली होती, तो उशिरा म्हणणार हे बापाला ठाऊक होतं. त्यानं त्या संध्याकाळी, जीभ शाबूत असलेल्या शेवटच्या संध्याकाळी, बंद दाराआड एकट्यानं बसून पोराची तेवढी वाट बघून ठेवली होती.

दादा बापाकडं बघत राहिला. डोळे भरले होते ते त्यानं पुसले नाहीत. मग खाली मान घालून, लहान मुलासारखा, म्हणाला, "हूं."

"त्या गावात एक विहीर होती," फोनमधले काका म्हणाले.